शुगरवर कुठला पाला खाऊ?

"तुम्ही लॅबमध्ये झाडपाला तपासता ना, मग सांगा, शुगरवर काय खाऊ?" कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुठल्याही लग्नात पंगत बसायच्या आधी हा प्रश्न मला येतोच. हल्ली सोबत मोबाइलही पुढे येतो. त्यावर 'सप्तरंगी प्रयोगशाळेत सिद्ध' असं काहीतरी लिहिलेलं असतं (सप्तरंगी म्हणजे जिच्या मुळाची पूड शुगरवर विकतात ती वेल), आणि मग, "घेऊ मां?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

भातातला स्टार्च आतड्यात तुटत जाऊन त्याचं ग्लुकोज होतं. त्यातला शेवटचा घाव घालणारं एन्झाइम म्हणजे अल्फा-ग्लुकोसिडेज. त्याला अडवलं की जेवणानंतरची साखर सावकाश चढते. अकार्बोज ही मधुमेहावरची गोळी हेच करते (आणि न पचलेलं पुढे सरकल्यामुळे पोटात गॅसही धरते). आम्ही प्लेटच्या खळग्यांत एन्झाइम, पानामुळाचा अर्क आणि एक कृत्रिम पदार्थ घालतो. एन्झाइमनं तो पदार्थ तोडला की पिवळा रंग येतो. पिवळा फिका पडला, अर्क पास.

पण या परीक्षेत पास होणं भलतंच सोपं आहे. हिरडा पास होतो, जांभळाची बी पास होते. दोन्हींत टॅनिन (तुरट चव देणारं द्रव्य) भरपूर, आणि टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. हिरड्यानं चामडं कमावतात ते त्याच गुणावर. एन्झाइमही प्रथिनच, त्यामुळे तेही जखडलं जातं. म्हणून खळग्यात दुसरं एखादं प्रथिन मुबलक घालून बघावं लागतं. टॅनिन तिकडे गेलं आणि पिवळा परत उमटला, तर त्या पास होण्यात दम नव्हता.

त्याहून मोठी गोम एन्झाइममध्येच आहे. बहुतेक लॅबांत ते यीस्टचं असतं, कारण स्वस्त पडतं आणि सहज मिळतं. आपल्या आतड्यातलं एन्झाइम वेगळं. अकार्बोज आतड्यातल्या एन्झाइमला चांगलं आवरतं, यीस्टच्या एन्झाइमवर मात्र त्याचा जोर फारच कमी चालतो. मग तुलनेला अकार्बोज ठेवलं की परसातला कुठलाही पाला 'औषधापेक्षा कित्येक पट प्रभावी' ठरतो. अशा मथळ्याचा निबंध हातात आला की मी आधी एन्झाइम कुठलं वापरलंय ते बघते.

सप्तरंगीचं मात्र तसं नाही. तिच्याच कुळातल्या, श्रीलंकेत वापरल्या जाणाऱ्या वेलीतून जपानी संशोधकांनी 1997 च्या सुमारास सॅलॅसिनॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं. ते आतड्यातल्या एन्झाइमलाही अडवतं. माणसांवरच्या लहान चाचण्यांतही या कुळातल्या अर्कानं जेवणानंतरची साखर थोडी कमी चढली. पण तो अर्क मोजूनमापून दिलेला होता. बाजारातल्या पुडीत सॅलॅसिनॉल किती, हे विकणारा सांगू शकत नाही. अख्खं मूळ आडवं कापलं तर आत चक्रं दिसतात, पूड झाल्यावर ती ओळखही जाते. शिवाय मूळ काढलं की वेल गेली, हे कुणाला आठवत नाही.

सदाफुलीबद्दल मी सरळ नको म्हणते. सकाळी अनशापोटी तिची पानंफुलं चावणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी हीच सदाफुली साखरेसाठी तपासली, कारण जमैकात लोक तिचा काढा मधुमेहावर घेत. उंदरांना तोंडावाटे दिली तेव्हा साखर हलली नाही. टोचून दिली तर पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गानं मेले. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघालं. कॅन्सर वॉर्डात जे तोलून, रक्त तपासून देतात, ते ज्या पानात आहे ते पान चावून काय कमवायचं?

राहिला 'घेऊ मां?'चा प्रश्न. गोळी सोडून सप्तरंगी घेऊ नका. गोळीसोबत घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, कारण इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना साखर नको तितकी उतरू शकते. आणि गुण येतोय असं वाटत असेल तर रोजच्याइतकाच भात जेवून दोन तासांनी मीटर लावा, काही दिवस पूड घेऊन आणि काही दिवस न घेता. आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. लग्नात मला दाखवलीत तरी चालेल.