नियम लिहिण्याआधी विचारायचा एक प्रश्न

अकराव्या लेव्हलची फायटर एका दगडी पुलावर एकटी उभी होती. मागे जखमी सोबती, पुढून तीन ओगर राक्षस. हा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ, ज्यात प्रत्येक जण एक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेतो. खेळ चालवणारी मी, आणि फायटर, म्हणजे लढवय्यी, खेळणारी माझी जुनी मैत्रीण. अशा प्रसंगाची ती दोन महिने वाट बघत होती. तिनं तीन हल्ल्यांचे फासे टाकले. पहिला १४, लागला. दुसरा १.

मी माझा तक्ता उघडला. वीसच्या, म्हणजे वीस बाजूंच्या, फाश्यावर १ पडला की आणखी एक फासा टाकायचा आणि तक्त्यात बघायचं, हा आमचा हाउस रूल, म्हणजे घरचा नियम, होता. मीच बनवलेला. तक्त्यात आलं, ‘शस्त्र हातातून निसटतं’. पूल अरुंद, खाली नदी. तलवार गेली. तिसरा हल्ला तिनं मुठीनं केला. पुढच्या फेरीत कमरेचा खंजीर काढला आणि पुन्हा १ पडला.

ती काही बोलली नाही. फासे कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, एका ओळीत लावून ठेवले आणि खेळ संपेपर्यंत फक्त आपली पाळी आली की आकडे सांगत राहिली. सगळे उठल्यावर मात्र थांबली. म्हणाली, “अगं, ही बाई वीस वर्षं तलवार चालवतेय ना? मग लेव्हल वाढेल तशी ती जास्त वेंधळी का होतेय?”

त्या रात्री मी वही घेऊन बसले. हिशोब अगदी सोपा निघाला आणि तो मी आधी मांडला नव्हता याचं फार वाईट वाटलं. एका हल्ल्यात १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पहिल्या लेव्हलची फायटर एका पाळीत एकच हल्ला करते, म्हणजे ५ टक्के. पाचव्या लेव्हलला दोन हल्ले, म्हणजे पावणेदहा टक्के. अकराव्या लेव्हलला तीन, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. लढाई पाच फेऱ्या चालली तर पंधरा हल्ले होतात आणि त्यात एकदा तरी १ पडण्याची शक्यता जवळजवळ ५४ टक्के. आमच्या टेबलावरची सर्वांत कसलेली योद्धा दर दोन लढायांपैकी एकीत तरी तलवार टाकणार, पाय घसरून पडणार नाही तर सोबत्यालाच मारणार. आणि फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकणारा विझार्ड, म्हणजे जादूगार? तो हल्ल्याचा फासाच टाकत नाही, समोरचे बचावाचे फासे टाकतात. त्याच्यासाठी माझा तक्ता अस्तित्वातच नव्हता.

नियम सगळ्यांसाठी सारखा लिहिला होता. किंमत मात्र एकटीनं मोजली.

तेव्हापासून लढाईचा किंवा जादूचा कुठलाही नवा नियम वहीत जाण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: हा कुणाच्या अंगावर पडणार? गंमत कशात आहे, खरं काय वाटतं, हे सगळं त्यानंतर. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाचं नाव वहीच्या एका कडेला लिहायचं आणि प्रत्येकापुढे मांडायचं, याला काय मिळतं आणि याचं काय जातं. एखाद्या नावापुढे नुसतंच ‘जातं’ आलं की नियम परत पाठवायचा.

काही जण म्हणतात, छापील नियम आहेत तसे खेळा, हात लावू नका. मला ते पटत नाही, कारण या खेळाचा जन्मच घरच्या नियमांतून झालाय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं, तेव्हा लढाईसाठी चेनमेल हा आधीचा, १९७१ चा युद्धखेळ हाताशी असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. वीसच्या फाश्यानं हल्ला करायची जी पद्धत आज आपण मूळ म्हणून धरतो, ती त्या पहिल्या पुस्तिकांत ‘पर्यायी’ म्हणून दिलेली होती. सगळ्या शस्त्रांना तेव्हा सहाचा एकच फासा होता. खंजिराला वेगळा, मोठ्या तलवारीला वेगळा हे पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आलं. बदल करणं या खेळाच्या रक्तात आहे. कुठे आणि कशासाठी करायचा, एवढंच आपल्याला ठरवायचं असतं.

आमचं टेबल पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर चालतं, त्यामुळे पुढची उदाहरणं तिथली आहेत.

शून्य हिट पॉइंट्सचा, म्हणजे पात्राची जीवनशक्ती संपण्याचा, घोळ बहुतेक टेबलांवर होतोच. बार्बेरियन, हा आडदांड योद्धा, कोसळतो. क्लेरिक, म्हणजे पुजारी, साठ फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, हीलिंग वर्ड हा जखम भरणारा मंत्र टाकतो, चार-पाच हिट पॉइंट्स मिळतात, बार्बेरियन उठतो आणि पूर्ण ताकदीनं हल्ला करतो. पुन्हा कोसळतो, पुन्हा उठतो. तिसऱ्या वेळी पडण्याचं कुणाला काही वाटेनासं होतं, आणि मला तर लढाईत पडणं ही टेबलावरची सर्वांत गंभीर गोष्ट वाटायला हवी असते. म्हणून मी नियम केला: प्रत्येक वेळी शून्यावर आलात की एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पायरी.

कागदावर छान दिसत होता. पण तिसऱ्या पायरीला सगळ्या हल्ल्यांवर आणि बचावांवर डिसॲडव्हान्टेज बसतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, आणि एका लाँग रेस्टला, म्हणजे लांब विश्रांतीला, एकच पायरी उतरते. पडतो कोण? जो पुढे उभा राहतो तो. दोन महिन्यांत आमचा बार्बेरियन, जो आजवर प्रत्येक दार आधी उघडायचा, दाराशी थांबून “आधी तू जा” म्हणायला लागला. दुसऱ्यांचे वार अंगावर घेण्यासाठी त्यानं ते पात्र निवडलं होतं आणि मी त्याच धाडसावर दंड बसवला होता.

आता आमच्याकडे वेगळं चालतं. उठल्यावर कसलाही दंड नाही, पण डेथ सेव्हमधलं, म्हणजे शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायच्या फाश्यातलं, अपयश लाँग रेस्ट होईपर्यंत पुसलं जात नाही. तीन अपयशं झाली की पात्र गेलं. डेथ सेव्हमध्ये १० किंवा जास्त लागतात, म्हणजे प्रत्येक फाश्याला ४५ टक्के अपयश. त्यामुळे सोबती वेळेवर पोहोचले, फासा टाकायची पाळीच आली नाही, तर काहीही बिघडत नाही. उशीर केला तर ती खूण शीटवर राहते. भार एकट्या पडलेल्यावरून उठून, मदतीला धावायचं की अजून एक वार करायचा हे ठरवणाऱ्या सगळ्यांवर गेला. परवाच्या लढाईत बार्बेरियनच्या शीटवर दोन खुणा होत्या आणि आमच्या क्लेरिकनं हातातला मोठा मंत्र सोडून त्याच्याकडे धाव घेतली, तेव्हा टेबलावर कुणी हललंसुद्धा नाही. मला हवं होतं ते हेच.

फ्लँकिंगबद्दल थोडक्यात. शत्रूच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले की दोघांना ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, हा पर्यायी नियम अधिकृत पुस्तकातच आहे आणि आम्ही वर्षभर वापरला. ११ लागत असतील तर ५० टक्क्यांचे थेट ७५ टक्के होतात, तेही नुसतं दोन पावलं सरकून. पण ॲडव्हान्टेज एकावर एक चढत नाही. म्हणजे स्वतःला उघडं टाकून बार्बेरियन जो ॲडव्हान्टेज मिळवतो तो आता फुकट मिळायला लागला आणि मदतीच्या मंत्रांना कुणी विचारेना. काढून टाकला. औषधाची कुपी बोनस ॲक्शनमध्ये प्यायची मुभा मात्र पहिल्या दिवसापासून आहे आणि ती कुणाच्याच अंगावर पडत नाही. २०२४ च्या नव्या नियमांत तर ती अधिकृतच झाली.

जादूकडे यायचं तर इथे माझा सर्वांत जास्त वेळ गेलाय.

स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांसाठी लेव्हलवार मोजून दिलेल्या जागा, माझ्या भाच्याला खटकायचे. विझार्ड तोच खेळतो. “आत्या, माझ्याकडे ताकद आहे पण ती वेगवेगळ्या डब्यांत कुलूप लावून का ठेवलीय? एकच साठा दे ना.” मागणी रास्त होती. स्पेल पॉइंट्सचा पर्याय छापील आहेच: पहिल्या लेव्हलचा मंत्र २ पॉइंट्स, दुसऱ्याचा ३, तिसऱ्याचा ५. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला एकूण २७. त्याच्या स्लॉट्सची बेरीजही नेमकी तेवढीच भरते: पहिल्या लेव्हलचे चार म्हणजे ८, दुसऱ्याचे तीन म्हणजे ९, तिसऱ्याचे दोन म्हणजे १०. बेरीज जुळली म्हणून मी निश्चिंत होते.

पण स्लॉट्समध्ये त्याला दिवसाला दोन फायरबॉल मिळायचे, आणि २७ पॉइंट्समध्ये पाच बसतात. फायरबॉल म्हणजे सहाचे आठ फासे, सरासरी २८, आणि वीस फूट त्रिज्येत जे कोणी असेल त्या सगळ्यांना. पहिल्याच लढाईत तीन गेले. दुसऱ्या लढाईत उरलेले दोन. फायटर आणि बार्बेरियन शत्रूपर्यंत पोहोचेस्तोवर मारायला काही शिल्लकच नसायचं. कडेच्या नावांपुढे मला ते लगेच दिसलं. दिसलं नव्हतं ते भाच्याच्या स्वतःच्या नावापुढचं. तीन खेळांनंतर तोच म्हणाला, “आत्या, आता मी दुसरं काही का टाकू?” त्याच्या वहीत धुकं होतं, झोप आणणारा मंत्र होता, भिंतीवर चढवणारा होता. पूर्वी वरचे डबे रिकामे झाले की खालचे मंत्र वापरावेच लागायचे आणि तिथूनच त्याच्या सगळ्या युक्त्या निघायच्या. शत्रूंना झोपवून त्यांच्याच गाडीत बसून गडात शिरायची कल्पना पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटमधून आली होती. साठा एक केला आणि त्याची जादू एकाच मंत्राएवढी उरली. ज्या कुलपाची त्याला चीड होती, ते त्याच्या कल्पनाशक्तीलाच कामाला लावत होतं.

तरी त्याची तक्रार खोटी नव्हती. त्याला काय हवं होतं हे मी पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की त्याला जास्त मंत्र नकोच होते. सगळं संपल्यावर, सगळे मरायला टेकल्यावर, जिवावर उदार होऊन काहीतरी करता यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मग आम्ही दोघांनी बसून नियम लिहिला. त्याला आम्ही ‘ओढ’ म्हणतो. स्लॉट संपले असताना तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा एक मंत्र टाकता येतो, पण मंत्राची जी लेव्हल तितके हिट डाय खर्ची पडतात. दोन लाँग रेस्टच्या मध्ये एकदाच.

किंमत टाकणारा स्वतःच्या शरीरातून देतो, म्हणून मला हा नियम आवडतो. हिट डाय म्हणजे शॉर्ट रेस्टमध्ये जखमा भरण्याचा त्याचा साठा. पाचव्या लेव्हलला पाच. तिसऱ्या लेव्हलचा मंत्र ओढला की दोन उरतात. लाँग रेस्टमध्ये एकूण संख्येच्या निम्मेच परत मिळतात, अपूर्णांक सोडून, म्हणजे दोन. दुसऱ्या दिवशी तो चारांवरच उभा असतो. पुन्हा ओढलं तर एक उरतो, आणि तिसऱ्या दिवशी तीन. सलग दिवस ओढत राहिलं की विझार्ड झिजत जातो आणि ते सगळ्यांना शीटवर दिसतं. आजवर त्यानं ओढ चारदा वापरली आहे. चारही प्रसंग टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ आहेत.

क्रिटबद्दल, म्हणजे २० पडल्यावर दुप्पट फासे टाकून मोजायच्या वाराबद्दल, अनेक जण विचारतात. एक लोकप्रिय हाउस रूल असा: २० पडला की एरवीच्या फाश्यांची कमाल संख्या धरायची आणि त्यावर पुन्हा फासे टाकायचे. आठच्या फाश्याची तलवार असेल तर सरासरी ९ ऐवजी साडेबारा. खेळाडूंना हा फार आवडतो, आणि मला कळतं का आवडतो. क्रिट मारून दोन फाश्यांवर १ आणि २ बघणं खरंच जिवावर येतं. पण तोच नियम गॉब्लिनच्या हातात द्या. त्याचं शस्त्र सहाचा फासा अधिक २. नेहमीच्या क्रिटमध्ये ८ हिट पॉइंट्सचा नवखा विझार्ड ७२ टक्के वेळा पडतो. या नियमात गॉब्लिनची कमीत कमी दुखापतच ९ आहे, म्हणजे तो दर वेळी पडणार. त्यात राक्षस एका लढाईपुरते असतात आणि पात्रं वर्षभर फासे झेलतात. आम्ही हा नियम फक्त खेळाडूंच्या बाजूनं ठेवलाय. खरेपणाला बाधा येते असं कुणाला वाटेल, पण माझ्या टेबलावर गॉब्लिनच्या वतीनं नाराज होणारं कुणी नाही.

नवा नियम आम्ही पेन्सिलनं लिहितो. आधी मी एकटीच फासे टाकून आठ-दहा लुटुपुटूच्या लढाया खेळून बघते, मग तीन खेळ तो टेबलावर चालतो आणि तिसऱ्यानंतर ज्याच्यावर त्याचा सर्वांत जास्त भार पडला त्याला पहिल्यांदा बोलायला सांगतो. त्यानं नको म्हटलं की चर्चा होत नाही, खोडरबर येतं. फंबलचा, म्हणजे १ पडल्यावर बघायचा, तक्ता असाच गेला. ते पान फायटर खेळणाऱ्या मैत्रिणीनं स्वतःच्या हातानं खोडलं. नदीत गेलेली तलवार पुढच्या खेळात एका कोळ्याच्या जाळ्यात सापडली, कारण ती परत करणं मला भाग होतं.

सध्या पेन्सिलीत इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम, आहे. प्रत्येकाचा वेगळा फासा टाकण्याऐवजी दोन्ही बाजूंचा एकेकच, आणि जिंकलेल्या बाजूनं आपापसात ठरवून हव्या त्या क्रमानं पाळ्या घ्यायच्या. लढाया पटापट होतायत, पाळीची वाट बघत कंटाळणं थांबलंय, आणि “तू आधी त्याला ढकल, मग मी आग लावते” असली आखणी पहिल्यांदाच ऐकू येतेय. पण फासा हरला की सगळे शत्रू एकदम चालून येतात आणि सर्वांत कमी हिट पॉइंट्सवाला पहिली पाळी मिळण्याआधीच आडवा होऊ शकतो. पुन्हा भाच्याचंच नाव. दोन खेळ झालेत. तिसरा रविवारी आहे, आणि पहिल्यांदा तोच बोलणार आहे.