तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिकोतलं दुपारचं जेवण

‘मेक्सिकोला कामासाठी जायचंय, तिथल्या लोकांशी वागायचं कसं?’ हा प्रश्न चाकण-पिंपरीकडून जास्त येतो. साहजिकच आहे, केरेतारो, ग्वानाह्वातो, मोन्तेरे ही सगळी मोटारधंद्याची ठिकाणं. भेटवस्तू कुठली न्यायची यात डोकं घालू नका. तयारी करायची ती दुपारच्या जेवणाची.

हे जेवण, म्हणजे ‘कोमीदा’, दोननंतर सुरू होतं आणि चारपर्यंत सहज चालतं. म्हणून मीटिंग सकाळी दहाची मागा, तीनची नको. जेवायला बसल्यावर आधी घरदार, गाव, फुटबॉल. धंद्याचा विषय यजमानाला काढू द्या. बहुतेकदा तो कॉफीबरोबर निघतो. सूप यायच्या आत दरपत्रक उघडणारा पाहुणा त्यांना फार खटकतो.

खोलीत शिरल्यावर प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचं, निघतानाही तसंच. दारातून सगळ्यांना मिळून एक हात हलवणं चालत नाही. बाईंनी गाल पुढे केला तर उजव्या गालाला गाल टेकवायचा, एकदाच; आपण होऊन पुढाकार घेऊ नका. समोरच्याच्या कार्डावर इंजिनिअर असेल तर हाक ‘इन्हेनिएरो’ अशी, इतर पदवीधरांना बहुधा ‘लिसेन्सियादो’, बायकांसाठी शेवटी ‘आ’. नावापुढे ‘गार्सिया लोपेस’ अशी दोन आडनावं असली तर हाक गार्सियाने मारायची. लोपेस हे आईकडचं.

शाकाहारींनी इथे नीट वाचावं. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, कारण ‘कार्ने’ म्हटलं की तिथे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाय-डुकराचंच मांस येतं. घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, ‘मान्तेका’, आणि भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. या गोष्टी नाव घेऊन विचारा आणि यजमानाला आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर कळवा. मशरूमची केसादिया, म्हणजे मक्याच्या तोर्तियात (पातळ पोळीत) दुमडलेलं सारण, किंवा नोपाल, म्हणजे निवडुंगाची भाजी, यावर छान भागतं. (मेक्सिको सिटीत मात्र केसादियात चीज हवं असेल तर तसं सांगावं लागतं. यावरून तिथे कायम वाद चालतो.)

बिल मागितल्याशिवाय येत नाही; न मागता आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठवणं. ज्याने बोलावलं तो पैसे देतो, वाटून घेत नाहीत. टिप 10 ते 15 टक्के. कार्ड देताना वेटर किती टक्के म्हणून विचारतो, तेव्हा आकडा तयार ठेवा.

तोंडावर ‘नाही’ क्वचितच ऐकाल. ‘बघू या’, ‘हो, नक्की’ यावर माल पाठवायची तारीख ठरवू नका. कोण करणार, कधी, आणि त्याआधी कुणाची सही लागणार हे विचारा, आणि त्याच संध्याकाळी लेखी पाठवा. होकार कितपत पक्का आहे ते त्या उत्तरावरून कळतं.

ईस्टरआधीचा आठवडा आणि 12 डिसेंबर ते 6 जानेवारी हा काळ टाळा. निर्णय घेणारी माणसं जागेवर सापडत नाहीत. फोनचं गणित मात्र सोपं झालंय. 2022 मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं, बंद केली, त्यामुळे मेक्सिको सिटी वर्षभर आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. अमेरिकेच्या सीमेलगतच्या काही शहरांचं घड्याळ वेगळं चालतं. तिहुआनाचा पुरवठादार असेल तर वेळ आधी विचारून घ्या.