तुम्ही विचारलंत म्हणून: फुगा, सोडत आणि पट

"बाई, सरकार पालिकेच्या शाळा पोसतं, त्यापेक्षा तेच पैसे पालकांच्या हातात का देत नाही? ज्याला जी शाळा हवी तिथे घालेल पोराला." २६ वर्षं नवी मुंबई पालिकेच्या शाळेत शिकवलं म्हटल्यावर घणसोलीत दूध आणायला गेले तरी कोणीतरी हे विचारतंच.

कल्पना जुनी आहे. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने ती १९५५ साली मांडली. १९९० साली अमेरिकेतल्या मिल्वॉकीत गरीब घरच्या मुलांना अशी व्हाउचर, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे, मिळू लागली. २०२२ मध्ये अॅरिझोनाने ती सरसकट केली, म्हणजे आधीपासून खासगी शाळेची फी भरणाऱ्यांनाही.

आपल्याकडे त्याचं धाकटं भावंड आहेच: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब आणि वंचित घरच्या मुलांसाठी राखीव २५ टक्के जागा. मूल खासगी शाळेत, फी सरकारकडून. महाराष्ट्रात त्याचा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये, आणि तेही थकतात म्हणून संस्थाचालकांची ओरड.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या मुलाचा फॉर्म मीच भरला होता. नकाशावर लाल फुगा ओढून बरोबर आपल्या घरावर ठेवायचा, घरापासून शाळेचं अंतर त्यावरून ठरतं. "बाई, फुगा नाल्यात बसलाय," त्या म्हणाल्या. अर्धा तास आम्ही दोघी तो फुगा नाल्यातून चाळीत आणत होतो. सोडतीत नंबर लागला.

म्हणून २०२४ साली सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम सरकारने आणला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला, तेव्हा मला हायसंच वाटलं. पालिकेची बाई असूनही!

मग सरसकट व्हाउचर का नको म्हणते? पटामुळे, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येमुळे. कायद्यात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा. एक मूल गेलं की एक बाई 'अतिरिक्त' ठरू शकते. उरलेल्या साठांना मात्र तेवढंच शिकवायचं असतं, पंखेही तेवढेच फिरतात. आणि जातात कोण? ज्यांच्या आईला फुगा हलवून देणारं कोणी भेटतं ते. तुर्भ्याच्या खाणीकडची पोरं मागेच राहतात.

पैसा शाळेतच घातला तर काय होतं, तेही इथेच दिसतं. पालिकेने सीवूड्सला आणि कोपरखैरण्यात सीबीएसईच्या शाळा काढल्या. आता तिथे प्रवेशासाठी, एरवी पालिकेच्या शाळेला नाक मुरडणारेही येतात.

ताईंचा मुलगा यंदा आठवीत आहे. आरटीईची सवलत आठवीपर्यंतच. परवा भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, "बाई, नववीला तुमच्या शाळेत जागा असेल ना?"