मिनी लेथ अपडेट: १०० एमएम चकचा आउट निघाला, आता ईआर३२

मंडळी, स्टर्लिंग इंजिन (गरम हवेवर चालणारं) सध्या बाजूला ठेवलंय. डिस्प्लेसरचा (आतली हवा इकडून तिकडे ढकलणारा भाग) रॉड आणि त्याची बुश (रॉड ज्यात सरकतो ती नळी) काही केल्या एका सेंटरमध्ये येईनात, आणि लेथ बिचारा ठीक आहे, त्याला जे जे बाहेरून आणून लावलंय तेच आउट मारतंय, म्हणजे फिरताना सेंटरवरून हलतंय. लेथ तोच, ७ बाय १४ इंचाचा चायना मिनी. सोबत आलेला ८० एमएमचा चक (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडणारा) मोठ्या जॉबला पुरत नाही म्हणून १०० चा थ्री जॉ (तीन जबड्यांचा) आणि त्याची रेडिमेड अडॅप्टर प्लेट ऑनलाइन मागवली, बसवली, २० एमएमची ग्राउंड डॉवेल पिन पकडली आणि डायल (काट्याचं मापयंत्र) लावला तर जॉजवळ ०.१२ एमएम आणि तिथून ८० एमएम पुढे ०.२६!

दोन्हीकडे सारखाच आउट आला असता तर चक नुसता बाजूला सरकलाय एवढंच. पण पुढे जाईल तसा वाढतोय म्हणजे एकतर चक तिरका बसलाय नाहीतर जॉ तोंडाशी फाकलेत. लगेच जॉ ग्राइंड करायला घेऊ नका, आधी सगळं उतरवून स्पिंडलपासून (चक फिरवणारा लेथचा मुख्य दांडा) बाहेर बाहेर मोजत या. माझ्या स्पिंडलचं रजिस्टर (प्लेट सेंटरला बसवणारी गोल कड) आणि फेस (सपाट तोंड) दोन्ही ०.०१ च्या आत. मग नुसती प्लेट लावली, तिच्या फेसवर ९० एमएम व्यासाला ०.०८ चा आउट. म्हणजे ८० एमएम पुढे सेंटर साधारण ०.०७ ने हलणार, डायल दाखवतो त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.१४. वरच्या दोन आकड्यांतला फरक बघा, तोच! इतका तंतोतंत हिशोब जुळणं हा थोडा नशिबाचा भाग, पण चोर सापडला. प्लेटच्या दोन बाजू एकमेकींना पॅरलल नाहीत आणि चक बिचारा विनाकारण बदनाम.

तीच प्लेट फेस मारून घेता आली असती पण आधीच पातळ होती, म्हणून उद्यमनगरातून बिडाचा (कास्ट आयर्नचा) गोल तुकडा आणला (कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा, बीड मागितलं की कुणी तोंडाकडे बघत नाही). मागची बाजू, म्हणजे स्पिंडलवर बसणारा ५५ एमएमचा खळगा, तिथल्याच एका मिस्त्रींकडून सहा फुटी लेथवर करून घेतला, कारण एवढा तुकडा माझ्या ८० च्या चकमध्ये मावत नाही. "ह्येचं काय खेळणं करतायसा?" असं विचारलं त्यांनी, पण खळगा असा केला की प्लेट स्पिंडलवर हाताने दाबून बसते आणि हलत नाही.

पुढची बाजू मात्र घरच्याच स्पिंडलवर लावून मारायची, सगळी गंमत तिथेच आहे. ज्या स्पिंडलवर प्लेट राहणार त्याच्यावरच ती टर्न झाली की फेस आपोआप ट्रू, मग मागच्या बाजूत थोडंफार उन्नीस-बीस असलं तरी ते त्यात धरलं जातं. अट एकच, प्लेट काढून परत लावताना त्याच जागी आली पाहिजे, म्हणून प्लेट आणि स्पिंडल दोघांवर पंचने ठिपका मारून ठेवलाय. स्पीड १५० आरपीएम, १०० एमएम व्यासाला म्हणजे मिनिटाला ४७ मीटरच्या आसपास, कार्बाइड टूल, कूलंट नाही. बिडाला पहिला कट जरा खोल घ्या, वरची कातडी कडक असते आणि त्यात वाळू असते, नुसतं वरवर खरवडलं तर टूलचं टोक गेलंच समजा. आणि बेड झाका! ती काळी पूड तेलात मिसळून बेडला घासत राहते, शिवाय घरभर पसरते त्याबद्दल मला रोज ऐकून घ्यावं लागतंय.

चकच्या मागचा खळगा ७२ एमएमचा आहे, पण प्लेटचं रजिस्टर मी मुद्दाम ७१.७ ठेवलं. कमी दिसतंय ना? तेवढा लूज हवाच. बोल्ट हलके आवळायचे, पिन पकडून डायल लावायचा, जिकडे काटा जास्त जातो तिकडून चकच्या बॉडीवर नायलॉनच्या हातोडीने टिचक्या मारायच्या आणि शून्याजवळ आलं की बोल्ट फायनल. आता २० एमएमच्या पिनवर जॉजवळ ०.०१ आणि ८० पुढे ०.०२. पण १० एमएमच्या पिनवर अजून ०.०५ येतोच, कारण स्क्रोल (जॉ आतबाहेर सरकवणारी आतली चकती) प्रत्येक व्यासाला जॉ थोडे वेगळे नेऊन ठेवतो, आणि त्याला टिचक्या मारून उपाय नाही. जोरात इंटरप्टेड कट (टूल मध्येच सुटून परत आदळतं तो) घेतला तर चक सरकू शकतो, तसलं काम झालं की परत चेक करायचं. काही जण यासाठी बाजूने चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) टाकतात, मी अजून तरी नाही टाकलेत.

तसं एकाच सेटिंगमध्ये सगळं टर्न करून पार्ट कापून काढत असाल तर चक कितीही आउट असू दे, काही फरक पडत नाही. जॉब उलटा पकडायचा असतो तेव्हाच हे सगळं आठवतं, आणि तेव्हा खरं तर फोर जॉ लावून डायलने शून्य करावं, पण वीस बुशी करायच्या असल्या की कुणाला एवढा धीर!

म्हणून ईआर३२, म्हणजे कोलेटचा (जॉबभोवती आवळणारी चिरा पाडलेली बाही) एक प्रकार. फ्लँजवाला कोलेट चक, त्याच्या आतल्या टेपरला पपी डायल (लिव्हरवाला छोटा डायल) लावला तर ०.०६. इथेही रजिस्टर लूज करून टिचक्या, आता टेपर ०.०१ च्या आत. मग कोलेट एकेक करून तपासले तर स्वस्त सेटचा स्वभाव कळला, १० चा कोलेट झकास आणि ६ चा २५ एमएम पुढे ०.०४. टेपर ठीक असताना हा दोष कोलेटचाच, ६ आणि ८ चे चांगल्या कंपनीचे सुटे घेणार, बाकीचा सेट तसाच वापरणार. नवीन लोकांसाठी, कोलेट आधी नटमध्ये तिरका करून टक्कन बसवायचा आणि मग नट चकवर चढवायचा, नाहीतर सोडवताना कोलेट आतच अडकून बसतो. आणि आखूड जॉब पकडताना मागच्या बाजूला त्याच मापाचा तुकडा घाला, नाहीतर कोलेट मागे जास्त मिटतो, पुढे सरळ पकडत नाही आणि जॉब डुलतो.

टेलस्टॉकचा ड्रिल चक पण संशयित आहे, पण त्याच्यात चक खराब की आर्बर (चक ज्यावर बसतो तो दांडा) हे अजून वेगळं काढायचंय. कुणी बी१६ टेपरचा आर्बर नीट उतरवलाय का? वेजेस (चक आणि आर्बर वेगळे करायच्या पाचरी) घरी बनवले की विकत घेतले?