निम्म्या बटरची कुकी : आमची वाटचाल

सांगलीत राहून बेदाण्यात हात आखडला तर लोक हसतील. म्हणून ओट्स-बेदाणा कुकीजचा घरगुती उद्योग काढताना पहिलं ठरलं ते हेच : बेदाणा तासगावचा आणि वजन ओट्सच्या निम्मं. भांडवल म्हणाल तर एक ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन), ग्रॅमचा काटा आणि माझ्या जाऊबाई.

ओटीजीच्या बटणावर विसंबू नका. आमचं १८० दाखवायचं नि आत २०० भरायचं. आत ठेवायचा थर्मामीटर आधी घ्या, साचे-बिचे नंतर. काळे ट्रे तळ करपवतात, ॲल्युमिनियमचे फिकट बरे. गोळे सारखे करायला जाऊबाई स्कूप वापरायच्या, मी अजूनही वजनकाटा. यावरून आमचं आजतागायत जमलेलं नाही.

हलकी कुकी मागितली ती विश्रामबागच्या बाईंनी. निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्या पाकिटापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाल्या, "चव छान आहे गं, पण बोटं तुपकट होतात. दुसरी घ्यायचा धीर होत नाही." जाऊबाईंनी १०० ग्रॅम बटरचं ५० केलं आणि उरलेल्या जागी सफरचंदाचा गर घातला. कुकी पसरेचना, केकसारखी फुगली. चक्का घालून पाहिला, आंबटपणा राहिला. शेवटी गर कढईत आटवून घट्ट केला तेव्हा गाडी रुळावर आली. सगळा घोळ पाण्याचा होता. साखर १५० वरून ९० वर आणली. साखर कमी झाली की कुकी कमी पसरते, त्यामुळे गोळा भाजण्याआधीच तळव्यानं चपटा करा. बेदाणे कोमट पाण्यात भिजवून फडक्यावर कोरडे करा, नाहीतर ते कुकीच्या पिठातलाच ओलावा ओढतात. मध्य मऊ असतानाच ट्रे बाहेर. ट्रेवर त्या आपोआप घट्ट होतात.

मधली वर्षं बरी गेली. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

बाजारपेठेतल्या एका दुकानात आमच्या बरण्या असायच्या. एक दिवस शेजारी आमच्या पाकिटासारखंच दुसऱ्या कुणाचं खाकी पाकीट आलं, तशीच खिडकी, भाव कमी आणि वर ठळक अक्षरांत 'लो फॅट, शुगर फ्री'. आमच्या बरण्या मागच्या फळीवर गेल्या, मग परतच आल्या. ओटीजी थंड पडला. जाऊबाईंनी पुन्हा शिवणकाम धरलं.

बाई ते पाकीट घेऊन आल्या आणि वहीत गणित मांडलं. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात लो फॅट म्हणजे १०० ग्रॅमला जास्तीत जास्त ३ ग्रॅम स्निग्धांश. नुसत्या ओट्समध्येच सहा-सात असतात, बटर वेगळंच! शुगर फ्रीची मर्यादा अर्धा ग्रॅम, आणि बेदाणा तर निम्म्याहून जास्त साखरच. ती वही त्यांनी दुकानदारासमोर उघडली. तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक वाचतं ते मी विकतो."

तरी बाई थांबल्या नाहीत. त्यांच्या भिशीतल्या बायकांनी दर महिन्याला घरी येऊन पाकिटं न्यायला सुरुवात केली, त्यावर आम्ही तगलो. जाऊबाई परत आल्या, स्कूपसकट. पुढे दिवाळीत त्याच दुकानदाराचा निरोप आला, बरण्या पाठवा म्हणून. पाठवल्या. उधारी मात्र बंद. पाकिटावर आम्ही आजही 'निम्मं बटर' एवढंच छापतो. पोषणमूल्यांचा तक्ता मागे आहे, बाईंनी तपासलेला.