घड्याळ सापडलं का?

पोलीस भरतीला उतरणाऱ्या मुलींची मैदानी तयारी करून घेणं हे माझं काम. पहाटे पाचला मैदान, नऊला घर. मैदानीला 50 गुण, लेखीला 100. मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखीचं तोंडही बघायला मिळत नाही. जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली की आम्ही जागा शोधत हिंडतो.

लोकांना वाटतं, पळायला काय लागतं, पाय आहेत की. पण 800 मीटर डोक्यानं पळायचं असतं. नवी पोरगी पहिल्या 300 मीटरमध्येच सगळा दम संपवते आणि शेवटच्या वळणावर तिचे खांदे कानाला लागतात. गोळ्याचंही तसंच. चार किलोचा गोळा तळहातात धरून चेंडूसारखा भिरकावतात. तो बोटांच्या मुळाशी बसवायचा, मानेला टेकवायचा आणि जोर पायातून वर आणायचा. हे अंगात मुरायला महिना जातो. काही अकॅडमीवाले पहिल्याच आठवड्यात पोरींना डांबरी रस्त्यावर पळवतात आणि नडगी धरून बसली की ‘नाटकं करते’ म्हणतात. असल्यांच्या हाती पोरी देऊ नयेत.

एक पोरगी सेटलमेंटची, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी जिथं डांबलं होतं त्या वस्तीतली. माझ्या बॅचमध्ये 800 मीटरला तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. शेवटच्या वळणावर इतरांचं तोंड वाकडं व्हायचं, तेव्हा हिचा हात अजून सैल असायचा.

त्या दिवशी माझं स्टॉपवॉच दिसेना. खुर्चीवर टॉवेलाखाली ठेवलं होतं. मी एवढंच म्हणाले, “माझं घड्याळ कुणी बघितलं का गं?” पोरी इकडंतिकडं बघू लागल्या. ही सरळ आली, बॅग माझ्यापुढं ठेवली आणि उलटी केली. टॉवेल, मोज्यांचा जोड, आधार कार्डाची झेरॉक्स, कडक भाकरीचे तुकडे आणि कागदाच्या पुडीत शेंगाची चटणी. मग ट्रॅक पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढून उभी राहिली. “बघा मॅडम.” चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. कंडक्टरला पास दाखवावा, तसं.

आणि मी बघितलं. ‘अगं, राहू दे’ हे शब्द तोंडातून निघायच्या आधी माझी नजर तिच्या टॉवेलाच्या घडीत जाऊन आली होती.

नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, असं का केलंस? तिलाच प्रश्न विचित्र वाटला. “आजी म्हणायची, कुणी बोलायच्या आधी आपलं आपण दाखवून मोकळं व्हायचं. शाळेत पण मी तसंच करायची.” तिच्या आजीचे वडील तारेच्या कुंपणाच्या आत राहिलेले, हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडायची मुभा नसलेले. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्या कायद्यानं बाळ जन्मालाच गुन्हेगार म्हणून यायचं. तो रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, आणि माणसं ‘विमुक्त’ झाली. हिच्याकडं विमुक्त जाती (अ) चा दाखला आहे, 3 टक्के आरक्षणातला. दाखल्यावर विमुक्त लिहिलंय आणि पोरगी खिसे उलटे करून उभी राहते.

माझंही शिक्षण लहानपणीच झालेलं. दारात कुणी अनोळखी बाई भांडी विकायला आली की आमची आजी म्हणायची, “चपला आत घे गं, सेटलमेंटातली दिसतीया.” मी जेवले नाही तर ‘त्यांना देऊन टाकीन’. ती माणसं मला कधी भेटलीच नव्हती. आजी प्रेमळ होती, तिच्या मांडीवर झोपून मी हे ऐकलं. म्हणूनच ते इतकं खोल गेलं असावं. मी स्वतःला पुढारलेली समजत होते. जयंत्यांना भाषणं केलीत मी.

ही हकीगत ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी आधी हेच विचारलं: घड्याळ सापडलं का? माझ्या नवऱ्यानंसुद्धा. मी उत्तर देत नाही. दुसरं कुठं सापडलं म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि पोरगी ‘सुटते’. सुटायला ती अडकली कुठं होती?

परवा सराव संपल्यावर ती थांबली. बूट सोडत विचारलं, “मॅडम, सिलेक्शन झालं तरी चारित्र्य पडताळणीत माझा पत्ता बघून काढतील का ओ?” मी सांगितलं, तुझ्यावर गुन्हा आहे का ते बघतात, गल्ली बघत नाहीत. ती नाडीची गाठ सोडवत राहिली. मग खालमानेनं म्हणाली, “आमच्या रक्तातच असतं का ओ ते?”

“नाही,” मी म्हणाले, आणि दोनदा म्हणाले. तिनं मान वर केली आणि माझ्या डोळ्यांकडं बघत राहिली. त्या दिवशी ते टॉवेलाकडं गेलेले तिनं बघितले होते.