तुम्ही विचारलंत म्हणून: हॉस्टेलच्या सीरियलमधला बाप

दरवर्षी ॲडमिशनचे राउंड संपले आणि पोरं गाद्या, बादल्या, कुलुपं घेऊन हॉस्टेलवर आली की एकदोन जण मला हमखास विचारतात, "सर, हॉस्टेलवरची एकच सीरियल बघायची तर कुठली?" मी धुळ्याला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो आणि स्टाफरूमपेक्षा चहाच्या टपरीवर जास्त सापडतो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी गेली कितीतरी वर्षं एकच उत्तर देतोय, 'अनडिक्लेअर्ड'. मग आठवड्याभराने तीच पोरं तोंड वाकडं करून परत येतात. "सर, त्यात तर काहीच होत नाही हो, आणि एका सीजनमध्ये बंदपण पडली, तुम्हाला त्यात एवढं काय आवडलं?"

आजचं उत्तर या दुसऱ्या प्रश्नाचं. जरा लांबेल, चहा सांगून ठेवा.

आधी माहिती. ही अमेरिकन कॉमेडी फॉक्स चॅनेलवर 25 सप्टेंबर 2001 ला सुरू झाली, म्हणजे न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्यानंतर बरोब्बर दोन आठवड्यांनी, तेव्हा तिकडे कोणाला हसायचा मूड असेल याची कल्पना करा. बनवली जड ॲपटॉव नावाच्या निर्मात्याने. एकूण 17 भाग, अर्ध्या अर्ध्या तासाचे, आणि मागून हसण्याचा आवाज नाही. विनोद झाला की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं. चॅनेलवाल्यांनी भागसुद्धा मागेपुढे करून दाखवले आणि 2002 मध्ये गाशा गुंडाळला. स्टीवन कार्प नावाचा हाडकुळा पोरगा घर सोडून कॉलेजच्या डॉर्मवर राहायला येतो, त्याचे रूममेट लॉइड, रॉन आणि मार्शल, समोरच्या खोलीत लिझी आणि रेचल. समोरच्या खोलीत मुली, हे वाक्य आमच्या बॅचमधल्या एकाने पॉज करून तीन वेळा खात्री करून घेतलं होतं. आमच्याकडे मुलींचं हॉस्टेल कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला आणि सातला गेट बंद.

स्टीवन झालाय जे बरुशेल आणि रॉन झालाय सेथ रोगन, दोघांचाही जन्म 1982 चा, म्हणजे शूटिंगच्या वेळी खरोखरचे फर्स्ट इयरच्याच वयाचे. आपल्याकडे कॉलेजकुमार म्हणून पस्तिशीचा माणूस दाढी करून उभा करतात त्यापुढे हे फार बरं वाटतं. लिझीचा बॉयफ्रेंड एरिक म्हणजे जेसन सीगल, जो पुढे दुसऱ्या एका गाजलेल्या सीरियलमध्ये मार्शल झाला आणि इथे मार्शल नावाचा पोरगा भलताच कोणी आहे, त्यामुळे पोरांचा पहिले दोन भाग गोंधळच उडतो.

आता नाव. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांत पोरगं कुठला विषय घेणार हे न सांगताच ॲडमिशन घेऊ शकतं. वर्ष दीड वर्ष इकडचं तिकडचं शिकायचं, मग मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय ते जाहीर करायचं, तोपर्यंत तो अनडिक्लेअर्ड. हे मी वर्गात सांगितलं की पोरं माझ्याकडे अशी बघतात की जणू मी परग्रहावरचं काही सांगतोय. आपल्याकडे आधी ब्रँच ठरते मग पोरगं हॉस्टेलवर येतं. माझी तर सातवीतच डिक्लेअर झाली होती. आमचे नाना, म्हणजे वडील, एसटीत कंडक्टर, अमळनेर डेपो. त्यांच्या डेपोच्या वर्कशॉपमधले साहेब मेकॅनिकलचे होते आणि ड्रायव्हर कंडक्टर सगळे त्यांच्यापुढे उभे राहून बोलायचे. बस. मी मेकॅनिकल. मला इतिहास आवडायचा हे कोणी विचारलं नाही आणि मीपण सांगितलं नाही.

2004 ला मी जळगावला हॉस्टेलवर आलो. सीरियलमधलं विद्यापीठ खोटं आहे, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ ईस्टर्न कॅलिफोर्निया, आणि आमचं खरं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (2018 पासून बहिणाबाईंचं नाव लागलंय), पण दोन्ही उत्तरेकडचीच, आणि दोन्हीकडे उकाडा सारखाच असणार असं मी उगीच धरून चाललो होतो. मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आम्ही फरशीवर पाणी ओतून त्यावर झोपायचो, कॅलिफोर्नियातल्या कोणत्या पोराला हे जमलंय.

बाकी मात्र जुळायचंच. त्यांच्यात एका भागात विल फेरल येतो, पैसे घेऊन पोरांचे पेपर लिहून देणारा, झोप न घेता टाइप करत सुटणारा. आमच्याकडे असले दोन होते, एक फाइली लिहून द्यायचा आणि दुसरा ड्रॉइंगच्या शीट मारून द्यायचा, काचेखाली बल्ब लावायचा, वर जुनी शीट, त्यावर कोरी, आणि पेन्सिल फिरवायची, त्याला जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणायचे. आणि एरिक. एरिक झेरॉक्सच्या दुकानात कामाला. लिझीने सोडलं म्हणून हा दुकानातली पोरं गाडीत घालून स्टीवनला मारायला डॉर्मवर येतो. अमेरिकन प्रेक्षकाला तिथे हसू येत असेल की बघा कोण आलंय, झेरॉक्सवाला. आम्हाला नाही आलं. आमच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला म्हणजे सगळ्यात वजनदार माणूस, कोणत्या टॉपरच्या नोट्स, कोणत्या सरांचा प्रश्नसंच, परीक्षेच्या आदल्या रात्री मायक्रो, म्हणजे कॉपीसाठीची बारीक अक्षरातली झेरॉक्स, काढून द्यायची की नाही, सगळं त्याच्या हातात. त्याच्या मैत्रिणीकडे बघायची कोणाची टाप नव्हती.

पण हे सगळं नसतं तरी मला ती सीरियल आवडली असती, कारण तिच्यात एक बाप आहे.

हॅल कार्प, स्टीवनचा बाप. हे काम लाउडन वेनराइटने केलंय, जो मुळात गायक आहे, आणि मुरलेला नट नसल्यामुळे की काय तो अगदी कोणाचेतरी वडील वाटतो. पोरगा मोकळा झाला म्हणून पार्टी करतोय आणि हा पहिल्याच भागात तिथे येऊन धडकतो आणि सांगतो की मी आणि तुझी आई वेगळे होतोय. आणि मग जातच नाही. म्हणजे जातो, पण परत परत येतो. पोरांच्यात बसतो, त्यांच्याबरोबर पितो, मित्रांना हा बाप आवडायला लागतो आणि स्टीवनला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुढे त्याची नोकरी जाते तर पोरालाच कॅन्टीनमध्ये काम धरावं लागतं. एका भागात तर त्याचं डॉर्मवर देखरेख करणाऱ्या हिलरीशीच जमतं (ती एमी पोहलर, आणि काय काम केलंय बाईने). सगळी पोरं ही सीरियल पोरांसाठी बघतात, मी बापासाठी बघतो.

कारण असं की हा बाप मी आधी बघितला होता, खाकी कपड्यात.

आम्ही फर्स्ट इयरला असताना बहिणीचं बाळंतपण निघालं. ती सुरतला, उधन्याला, आमच्याकडची निम्मी माणसं तिकडेच. आई तीन महिन्यांसाठी सुरतला गेली आणि अमळनेरच्या घरात नाना एकटे. मी एकुलता पोरगा जळगावात. नानांची ड्युटी तेव्हा अमळनेर जळगाव, व्हाया धरणगाव, दीड दोन तासांचा रस्ता. गाडी जळगाव स्टँडला लागली की परतीच्या फेरीला तासभर वेळ असायचा, तेवढ्यात ते शेअर रिक्षा पकडून हॉस्टेलवर यायचे. खिडकीच्या गजावर तिकीट पंच करायच्या चिमट्याने टकटक, टकटक. डबल बेल. सगळ्या मजल्याला कळायचं, नाना आले.

पहिले दोन आठवडे मस्त होतं कारण डबा यायचा. नानांना स्वयंपाकातलं एकच यायचं, भरीत, कारण आमच्याकडे हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असली की वांगी भाजायला पुरुषच बसतात, पऱ्हाट्यांच्या जाळावर. बामणोदची हिरवी मोठी वांगी, ठेचलेली मिरची लसूण, कांद्याची पात, वर शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, ती शेजारची काकू करून द्यायची. मेसच्या पातळ डाळीला कंटाळलेली पोरं त्या डब्यावर अशी तुटून पडायची की मला वास तेवढा मिळायचा.

मग नाना सुट्टीच्या दिवशीपण यायला लागले. पास होताच. सकाळी नऊलाच हजर. आम्ही लेक्चरला जायचो, हे खोलीत बसून आमचे शर्ट बादलीत भिजवायचे. आम्ही आलो की मेंढीकोट. रूममेटांना माझ्यापेक्षा नाना जास्त आवडायला लागले, एकजण तर त्यांना स्वतःच्या प्रेमाच्या भानगडी सांगायचा ज्या त्याने मला कधी सांगितल्या नव्हत्या. एकदा शेवटची गाडी चुकली (चुकली की चुकवली, देव जाणे) आणि ते खोलीतच झोपले. बाहेरचा माणूस रात्री ठेवायचा नाही हा नियम. दहाला रेक्टरचा राउंड आला तर नाना बनियनवर पत्ते पिसतायत. आम्ही गारठलो. रेक्टरने बॅटरी मारली तोंडावर, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "अरे, तुम्ही धरणगावच्या गाडीला असता ना?" दर शनिवारी तो याच गाडीने घरी जायचा. बसला की आमच्यात डाव टाकायला. हॅलचं आणि हिलरीचं जमलं ते बघताना मला हेच आठवलं, आमच्याकडे नाना आणि रेक्टरचं मेंढीकोटवर जमलं.

मला मात्र लाज वाटायची. अठरा वर्षांचा होतो, घरातून पहिल्यांदा सुटलेलो, सिगरेट ओढून बघायची होती, एका मुलीला नोट्स द्यायच्या होत्या, आणि दर दोन दिवसांनी टकटक. शेवटी एकदा गेटपर्यंत सोडायला गेलो तेव्हा बोललोच, नाना, एवढं येत जाऊ नका, पोरं हसतात. पोरं हसत नव्हती, ते मी माझ्या मनाने घातलं. नाना घरात अहिराणीच बोलायचे. चिमटा खिशात ठेवत म्हणाले, "घरमा कोनीच नही शे, तठे काय करू?"

मी काय बोलणार. रिक्षा आली, ते बसले.

नंतर महिनाभर ते आले नाहीत. डबा यायचा, दुसऱ्या कंडक्टरच्या हाती, स्टँडवर जाऊन आणायचा. रूममेट आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, रेक्टरनेसुद्धा विचारलं, वडील कुठेयत हल्ली. पुढे आई सुरतहून आली आणि सगळं मागच्यासारखं झालं, कोणी काही बोललं नाही, आमच्या घरात बोलायची पद्धतच नाही.

तीन वर्षांनी फायनल इयरला कोणाच्यातरी पुण्याच्या भावाच्या हार्ड डिस्कमधून 'अनडिक्लेअर्ड' आमच्या विंगमध्ये आली (कशी आली ते विचारू नका, 2007 मध्ये सगळं तसंच यायचं). आठ जण एका कॉम्प्युटरसमोर. इंग्रजी निम्मं कळायचं. पहिल्या भागात तो बाप दारात उभा राहिला, आणि आमच्या खोलीतला तो प्रेमाच्या भानगडीवाला पटकन म्हणाला, "अरे, नाना!" सगळे हसले. मी पाणी आणायला बाहेर गेलो.

पोरं म्हणतात काही होत नाही त्यात, तर बरोबर आहे, कोणी मरत नाही, कोणी टॉपर येत नाही, रॅगिंगवर भाषण नाही. सतरा भागांत पोरं जरा मोठी होतात आणि बाप त्याच दारात येत राहतो. बनवणाऱ्यांनी त्याला रडवलं नाही आणि शहाणाही केलं नाही, हे मला फार आवडतं. आपल्याकडे असता तर तिसऱ्या भागात त्याला हार्ट अटॅक आणला असता, हे मी लिहून देतो.

नाना रिटायर झाल्यावर एकदा दिवाळीत मी अमळनेरला लॅपटॉपवर तीच लावून बसलो होतो. आई आत चकल्या तळत होती. नाना मागे येऊन उभे राहिले, चष्मा लावला, इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता तरी दहा मिनिटं बघत राहिले. हॅल पोरांच्यात बसला होता. मग म्हणाले, "हाऊ येकलाच शे का? यानी बायको कोठे गयी?"

मी म्हटलं, "सुरतला गेलीय, नाना."